आयोवाच्या गर्ट्रूडबाई आणि शेतातलं गणित

आम्ही तुमच्या गटांच्या समन्वयक. दर वेळी व्याज, हप्ते आणि नोंदवह्यांवरच बोलता, अशी तुमची तक्रार होती. म्हणून आज इतिहास सांगतो. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. आजच्या इतिहासात मक्याची कणसं आहेत, वाफे आहेत, चिठ्ठ्या आहेत आणि एक बाई आहे. विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राची जी मोठी पदवी मिळते, एमएस्सी म्हणा, पीएचडी म्हणा, त्यातली संख्याशास्त्राची पदवी अमेरिकेत शेतीच्या कॉलेजात कशी वाढली आणि तिचा धागा आपल्या बांधापर्यंत कसा आला, ते ऐका.

आधी संख्याशास्त्र म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला का ते बघायला आपण सगळं पातेलं उपसत नाही, चार शितं दाबून बघतो. संख्याशास्त्राचा माणूस तिथं येऊन विचारतो, शितं कुठून काढली? वरून काढली की तळातून? किती काढली? एवढ्या शितांवरून सांगितलेलं किती वेळा खरं ठरेल आणि किती वेळा फसेल? थोडं पाहून सगळ्याबद्दल बोलायचं, आणि बोलताना चूक किती असू शकते तेही सांगायचं, असं हे शास्त्र. गणित त्याला लागतंच, पण पाय जमिनीवर ठेवून.

आता आयोवाला जाऊ. अमेरिकेच्या मधल्या भागातलं हे राज्य, मका आणि डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. तिथं एम्स नावाचं गाव आहे. दिल्लीच्या मोठ्या दवाखान्याशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. या गावात शेतीचं मोठं कॉलेज होतं, आयोवा स्टेट कॉलेज. तिथं जॉर्ज स्नेडेकर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. शेतीचे संशोधक त्यांच्याकडे आकड्यांचे गठ्ठे घेऊन यायचे. कुठल्या वाणाचा मका जास्त पिकला, कुठल्या खुराकानं जनावराचं वजन वाढलं. आकडे ढीगभर, पण त्यांतून खरं काय ते कळेना.

१९२४ साली हेन्री वॉलेस नावाच्या माणसानं या कॉलेजातल्या मंडळींना शनिवारी वर्ग घेऊन आकडेमोडीच्या नव्या रीती शिकवल्या. हे वॉलेस शेतकऱ्यांचं साप्ताहिक चालवायचे आणि स्वतः मक्याचं संकरित बियाणं तयार करायचे. पुढे ते अमेरिकेचे कृषिमंत्री झाले, उपराष्ट्राध्यक्षही झाले. संख्याशास्त्राची तिथली पहिली शाळा एका बियाणेवाल्यानं भरवली, हे आम्हाला भारी वाटतं.

याच कॉलेजात १९२५ साली एक मुलगी शिकायला आली. मुलगी म्हणजे पंचविशीची बाई. गर्ट्रूड मेरी कॉक्स. जन्म १९०० सालचा, आयोवातल्याच डेटन गावचा. शाळा संपल्यावर तिनं चर्चच्या सेवाकार्यात जायचं ठरवलं होतं. मोंटाना राज्यातल्या अनाथाश्रमात ती मुलांची आई होऊन राहिली, म्हणजे त्यांचं खाणंपिणं, आजारपण, अभ्यास सगळं बघायची. त्या आश्रमाची प्रमुख व्हायचं तर कॉलेजची पदवी लागणार होती. म्हणून ती एम्सला आली. तिला काही शास्त्रज्ञ व्हायचं नव्हतं. अंगणवाडी सेविकेला मुख्य सेविका व्हायला पदवी लागते, तसाच हा हिशेब.

विषय मात्र तिनं गणित घेतला, कारण गणित तिला सोपं जायचं. शिक्षणाचा खर्च भागवायला स्नेडेकरसरांच्या आकडेमोडीच्या खोलीत काम धरलं. त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द यंत्रासाठी नव्हता, हिशेब करत बसणाऱ्या माणसांना कॉम्प्युटर म्हणत, आणि त्यांत बायका पुष्कळ असत. हातानं फिरवायच्या यंत्रांवर बेरजा, गुणाकार, वर्ग काढायचे. दिवसभर तेच. हे काम करता करता गर्ट्रूडला त्या आकड्यांमागचं रान दिसायला लागलं. १९२९ ला तिनं गणितात पदवी घेतली आणि १९३१ ला संख्याशास्त्राची मास्टर्स पदवी. आयोवा स्टेटनं संख्याशास्त्रात दिलेली ही पहिलीच मास्टर्स पदवी होती, आणि ती एका बाईला मिळाली. अनाथाश्रमाकडे परत जायचं राहून गेलं.

पुढे ती डॉक्टरेट करायला कॅलिफोर्नियात बर्कलेला गेली. दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, एम्सला संख्याशास्त्राची प्रयोगशाळा सुरू होत होती. स्नेडेकरसरांनी बोलावलं आणि ती डॉक्टरेट अर्धी सोडून परत आली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

प्रयोगशाळा म्हटलं की काचेच्या नळ्या डोळ्यांपुढे येतात. इथली खरी प्रयोगशाळा म्हणजे रान. आता आम्ही जे सांगतो ते जरा नीट ऐका, हवं तर पाटीवर काढून बघा.

समजा तुमच्याकडे ज्वारीचे चार वाण आहेत. कुठला जास्त पिकतो ते बघायचंय. तुम्ही रानाचे चार तुकडे केले आणि एकेकात एकेक वाण पेरला. सुगीला वजन केलं, एक वाण सरस ठरला. पण तो वाण सरस होता का त्याचा तुकडा? विहिरीकडच्या अंगाला ओल जास्त. बांधाला बाभळीची सावली. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला वाहून आलेला गाळ. वजनाच्या काट्यावर जे आलं त्यात वाण किती आणि रान किती, हे कोण सांगणार?

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथं शेतीचं जुनं संशोधन केंद्र आहे. तिथं रोनाल्ड फिशर या शास्त्रज्ञानं यावर तोड काढली. तीच १९३१ च्या उन्हाळ्यात ते एम्सला येऊन शिकवून गेले. तोड साधी आहे. एक, प्रत्येक वाण एकदाच पेरू नका, तीनचार ठिकाणी पेरा, म्हणजे नुसत्या रानामुळे फरक किती पडतो तेही कळतं. दोन, कुठला वाण कुठल्या वाफ्यात जायचा ते तुम्ही ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. आपण भिशीत चिठ्ठी का काढतो? कुणाची वशिलेबाजी नको म्हणून. तसंच इथं. आपल्या आवडीच्या वाणाला आपण नकळत चांगला वाफा देतो. चिठ्ठीला आवडनिवड नसते.

आणि तिसरी रीत तर रांगोळीसारखी देखणी आहे. रानाचे चार ओळी आणि चार रांगा असे सोळा वाफे पाडा. वाणांना अ, ब, क, ड नावं द्या. पहिल्या ओळीत अ ब क ड. दुसऱ्या ओळीत ब क ड अ. तिसरीत क ड अ ब. चौथीत ड अ ब क. आता बघा, आडवं बघितलं तरी प्रत्येक ओळीत चारही वाण एकेकदा, उभं बघितलं तरी तसंच. ओल एका बाजूनं कमी होत गेली तरी सगळ्या वाणांना सारखीच वाटणी. सावली दुसऱ्या बाजूनं आली तरी सारखीच. अशा चौकोनाला लॅटिन चौरस म्हणतात. प्रत्यक्षात पेरताना ओळी आणि रांगांची अदलाबदलही चिठ्ठी काढून करतात. पेपरात सुडोकूचं कोडं येतं ना, तेही याच घराण्यातलं.

हे आम्ही एवढं पाल्हाळ लावून का सांगतोय, तर आपल्यातल्या काहीजणींना त्याचा चटका बसलाय. मागे एका विक्रेत्यानं आमच्या गटांतल्या बायांना गाडीतून नेऊन एक प्लॉट दाखवला. पीक कमरेच्या वर, कणसं भरलेली. प्लॉट होता विहिरीला लागून, कसदार काळ्या रानात. शेजारी नेहमीचं बियाणं पेरलेला एकही वाफा नव्हता, म्हणजे तुलना कशाशी करणार? गटातून कर्ज उचलून बियाणं घेतलं गेलं, ते पडलं मुरमाड रानात, आणि हप्ते मात्र पूर्ण भरावे लागले. दुसऱ्या वाणाचा वाफा शेजारी का नाही, एवढं विचारायला पदवी लागत नाही. पण हा प्रश्न विचारायचा असतो, हे कुणीतरी आधी शोधून, लिहून, वर्गात शिकवून ठेवावं लागतं. ते काम या पदव्यांच्या वर्गांतून झालं.

एम्सला गर्ट्रूडबाई हेच शिकवत, प्रयोगाची आखणी कशी करायची. संशोधक आला की त्या आधी विचारणार, तुला नेमकं काय शोधायचंय? पेरणी झाल्यावर आकडे घेऊन येऊ नको, पेरणीच्या आधी ये. वर्गासाठी त्यांनी टिपणं काढली होती, ती हातोहात फिरायची. त्याच टिपणांतून पुढे, १९५० साली, विल्यम कॉक्रन यांच्याबरोबर त्यांचं प्रयोगांच्या आखणीवरचं मोठं पुस्तक आलं. जगभरच्या शेतीच्या कॉलेजांत ते वापरलं गेलं.

आता १९४० सालची गोष्ट. नॉर्थ कॅरोलिना राज्यात, राली शहरातल्या शेतीच्या कॉलेजाला संख्याशास्त्राचा नवा विभाग काढायचा होता. विभागप्रमुख कुणाला करावं, नावं सुचवा, असं पत्र स्नेडेकरसरांना आलं. त्यांनी यादी केली. सगळी पुरुषांची नावं. पत्र पाठवायच्या आधी त्यांनी ते गर्ट्रूडबाईंना दाखवलं. बाईंनी वाचलं आणि विचारलं, माझं नाव का नाही घातलं?

सरांनी मग पत्राच्या खाली ताजा कलम जोडला, की बाईचा विचार करणार असाल तर मी गर्ट्रूड कॉक्सचं नाव सुचवीन. राली कॉलेजानं यादीतली सगळी नावं बाजूला ठेवली आणि ताज्या कलमातलं नाव घेतलं.

स्नेडेकर वाईट माणूस होते असं आम्हाला म्हणायचं नाही. त्यांनीच तिला शिकवलं, कामाला घेतलं, परत बोलावलं. रोज शेजारच्या टेबलावर बसून काम करणारी बाई, तिचं काम त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी यादी करताना ती आठवली नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लावायची वेळ आली की असंच होतं. कुणी मुद्दाम वगळतं असंही नाही, आठवतच नाही. बाईंनी विचारलं नसतं तर ते पत्र तसंच गेलं असतं.

राली कॉलेजात त्या पहिल्या बाई पूर्ण प्राध्यापक झाल्या आणि पहिल्या बाई विभागप्रमुखही. आणि मगाशी म्हटलं ते आठवा, त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. दुसऱ्यांना डॉक्टरेट मिळेल असे वर्ग त्यांनी उभे केले, स्वतःची मात्र अर्धीच राहिली. मानद डॉक्टरेट त्यांना आयोवा स्टेटनं दिली ती १९५८ मध्ये.

रालीला त्यांनी काय केलं? नुसता विभाग काढून त्या थांबल्या नाहीत. शेजारी चॅपेल हिल इथं राज्याचं दुसरं विद्यापीठ होतं. दोन्हीकडे मिळून एक संस्था करायची, रालीत शेतावरचं, कामाचं संख्याशास्त्र आणि चॅपेल हिलला त्यामागचं गणित, अशी त्यांची मांडणी होती. त्यासाठी त्यांनी बाहेरून निधी मिळवला आणि त्या संस्थेच्या संचालक झाल्या. चॅपेल हिलच्या विभागासाठी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून हॅरोल्ड होटेलिंग यांना आणलं. इतरही नामांकित माणसं गोळा केली. याशिवाय संशोधकांसाठी आठवडाभराचे छोटे वर्ग, म्हणजे आपल्या प्रशिक्षण शिबिरासारखेच. पैसा आणायचा, माणसं जमवायची, दोन गावांची तोंडं एका दिशेला ठेवायची. गट चालवलेल्या बाईला हे काम किती जिकिरीचं असतं ते वेगळं सांगायला नको.

चॅपेल हिलच्या या विभागात १९४९ मध्ये कोलकात्याहून राजचंद्र बोस आले, आणि त्यांच्या हाताखाली आपला एक मराठी माणूस शिकला. शरदचंद्र श्रीखंडे. जन्म मध्य प्रदेशातल्या सागरचा, शिक्षण नागपूरचं. १९५० मध्ये त्यांना तिथं पीएचडी मिळाली.

या श्रीखंडेसरांनी पुढे काय केलं ते ऐका, कारण ती आपल्या वाफ्यांचीच गोष्ट आहे. मगाशी वाणांचा चौकोन केला. आता त्याच वाफ्यांत चार खतंही घालून बघायची असतील तर? प्रत्येक ओळीत आणि रांगेत प्रत्येक खत एकदाच यायला हवं, आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी एकदाच गाठ पडायला हवी. चारच्या चौकोनात हे जमतं. पाचच्याही जमतं. सहाच्या काही केल्या जमत नाही. ऑयलर नावाचे फार मोठे गणिती होऊन गेले, त्यांनी १७८२ साली सांगून ठेवलं होतं की सहाला जमत नाही तसं दहाला, चौदाला, अठराला, बावीसलाही जमणार नाही. मोठ्या माणसाचा शब्द. पावणेदोनशे वर्षं तो कुणाला खोडता आला नाही. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसचा चौकोन करून दाखवला, अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा केला, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर सगळ्यांना जमतं. त्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रानं ही बातमी पहिल्या पानावर छापली. वाफ्यांच्या गणितासाठी पहिलं पान!

श्रीखंडेसर पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले आणि तिथलं गणिताचं उच्च शिक्षणाचं केंद्र त्यांनी उभं केलं. २०२० मध्ये ते वारले तेव्हा वय होतं १०२.

आपल्याकडचे इतर धागेही आहेत. पांडुरंग सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनला डॉक्टरेट करून आले आणि दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. त्यांचं आणि पानसे यांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं. सुगीच्या वेळी तलाठी, कृषी सहायक येऊन रानात दोरी लावून चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून वजन करतात, तो हा प्रयोग. पीक विम्याची भरपाई ठरवताना मंडळाचं सरासरी उत्पन्न काढायला तोच लागतो. कुठलं शेत आणि शेतातली कुठली जागा, हे आकडे काढून, म्हणजे चिठ्ठीच्याच न्यायानं ठरायला हवं. सोयीचं म्हणून रस्त्याकडेचं शेत धरायचं नाही. तेव्हा तुमच्या गावात प्रयोग असेल त्या दिवशी बायांनो बांधावर जाऊन उभ्या राहा. जागा कशी ठरवली ते विचारा, वजन वाचून घ्या.

पुणे विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग १९५३ मध्ये सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख कोल्हापूरचे वसंत हुजूरबाजार. वीसेक वर्षं त्यांनी तो सांभाळला आणि अमेरिकेत जाऊनही शिकवलं. त्यांच्या दोन मुलीही संख्याशास्त्रज्ञ झाल्या.

आता कामाचं थोडं. आपल्या गावच्या मुलींना ही पदवी घ्यायची तर बारावीपर्यंत गणित सोडू नये. मग संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी, आणि त्यापुढे दोन वर्षांची एमएस्सी. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, जळगाव इथल्या विद्यापीठांत ती करता येते. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत शेतीच्या अंगानं हा विषय शिकवतात. अकरावीला प्रवेश घेताना घरात हमखास एक वाक्य येतं, पोरीला गणित झेपायचं नाही. ते बहुतेक वेळा आपणच बोलतो, आया. आणि शेकडा दोननं तीन महिन्यांचं व्याज तोंडी सांगणाऱ्याही आपणच.

गर्ट्रूडबाईंनी १९६० ला राली कॉलेजातून निवृत्ती घेतली. १९५६ मध्ये त्या अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. निवृत्तीनंतर इजिप्तला आणि थायलंडला जाऊन त्यांनी तिथल्या लोकांना कामाला लावलं. १९७० मध्ये राली विद्यापीठानं संख्याशास्त्राच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं.

शेवटी त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. उपचार चालू असताना त्या वही घेऊन बसायच्या. कुठलं औषध घेतलं, काय फरक पडला, सगळं टिपून ठेवायच्या, आणि भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या की या प्रयोगातला वाफा आता मीच. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या.